खिडकीतल्या बाटलीत रोपं करताना

नाहूरच्या बहुतेक घरांना अंगण नाही आणि नव्या इमारतींतल्या कितीतरी घरांना गॅलरीही नाही. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधल्या या गावाला 2006 साली रेल्वे स्टेशन मिळालं, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि बागेची हौस खिडकीच्या ग्रिलपुरती आक्रसली. त्या ग्रिलमध्ये कुंड्या ठेवायच्या म्हटलं तरी प्रश्न असतातच. माती कुठून आणायची, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळलं तर काय, गावाला गेल्यावर झाडांकडे कोण बघणार? अशा घरात झाडांची सुरुवात करायची सगळ्यांत सोपी वाट म्हणजे पाण्यात कलम लावणं. एक कात्री, एक बाटली, नळाचं पाणी आणि शेजारणीकडून मागून आणलेली फांदी एवढ्यावर काम भागतं.

पाण्यात फांदी ठेवली की मुळं फुटतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही पुष्कळ घरांत फांदी सडते, पाण्याला वास येतो, किंवा बाटलीत झकास मुळं फुटलेलं रोप मातीत गेल्यावर आठवड्याभरात मान टाकतं. याची कारणं थोडकी आहेत आणि सगळी टाळता येण्यासारखी आहेत. फांदी नेमकी कुठे कापायची हे कळलं आणि पाणी न चुकता दर आठवड्याला बदललं, तर बाकीचं बरंचसं झाड स्वतः सांभाळून घेतं, असं माझं ठाम मत आहे. पाणी बदलण्याची गोष्ट तर मुंबईत झाडाइतकीच घरातल्या माणसांसाठीही महत्त्वाची आहे.

सुरुवात मनी प्लांटपासून करा. वेल हातात घेऊन खिडकीपाशी नीट पाहा. जिथून पान निघतं तिथे देठाला एक गाठ दिसते, ते पेर. त्या पेरापाशी तपकिरी रंगाचं, तांदळाच्या कणीएवढं टेंगूळ असतं. जुन्या, भिंतीवर चढलेल्या वेलीवर तेच वाढून बोटभर लांब झालेलं दिसेल. ही मुळाची तयारी झाडाने आधीच करून ठेवलेली असते; ओलावा मिळाला की मूळ पुढे सरकतं. दोन पेरांमधल्या गुळगुळीत कांड्यावर अशी काही तयारी नसते. म्हणून काप पेराच्या खाली अर्धा ते एक सेंटिमीटरवर घ्यायचा आणि ते पेर पाण्यात बुडेल अशी फांदी ठेवायची. नुसतं पान देठासकट तोडून पाण्यात ठेवलं तर ते पुष्कळ दिवस हिरवंगार राहतं, कधीकधी त्याला मुळंही येतात, पण त्यातून वेल येत नाही. नवा फुटवा काढणारा डोळा पेरावर असतो, पानावर नसतो. महिनोन् महिने पाण्यात ठेवूनही एकही नवं पान न आलेली मनी प्लांटची पानं घरोघरी दिसतात, त्याचं कारण हेच.

फांदी कापली की शेंड्याकडून खाली वाहत येणारं ऑक्झिन नावाचं संजीवक कापापाशी साचतं आणि तिथल्या पेशी मुळं घडवायला लागतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत यांना आगंतुक मुळं म्हणतात. शेंडा असलेली, वाढीला लागलेली फांदी लवकर मुळं धरते ती यामुळे. नर्सरीत मुळं फुटण्यासाठी जी पावडर मिळते तिच्यातही अशाच जातीचं संजीवक असतं. ती मातीत कलम लावताना कापाला चोळायची असते. पाण्यात ती धुऊन जाते, तेव्हा बाटलीसाठी तिच्यावर पैसे घालवू नका.

मनी प्लांटच्या बाबतीत फांदीवाचून दुसरा मार्गही नाही. पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा हा वेल जवळजवळ फुलतच नाही. तो आपोआप फुलल्याची शेवटची नोंद 1964 सालची आहे. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संजीवक घडवणारं त्याचं एक जनुक कामच करत नाही, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. फूल नाही म्हणजे बी नाही. जगभरच्या खिडक्यांमध्ये लोंबणारा मनी प्लांट असा फांदीफांदीने, हातोहात पसरलेला आहे. चोरून आणलेला मनी प्लांटच लागतो, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. तिच्यामागे लागून सोसायटीच्या जिन्यातली वेल गुपचूप ओरबाडू नका. ओढून तुटलेल्या देठाचा चेंदामेंदा होतो आणि तो सडतो. बेल वाजवून मागा. मनी प्लांटच्या फांदीला कोणी नाही म्हणत नाही.

कात्री धारदार हवी आणि कापण्यापूर्वी स्पिरिटने पुसलेली हवी. चार ते सहा इंचांची, दोन-तीन पेरांची फांदी पुरते. पाण्यात जाणारी पानं आधी काढून टाका, कारण बुडालेलं पान दोन-चार दिवसांत कुजतं आणि त्याची कुज देठाला लागते. वर दोन-तीन पानं ठेवली की पुरे. मुळं नसलेल्या फांदीला जास्त पानांची तहान भागवता येत नाही. एका बाटलीत फांद्यांची गर्दी करू नका.

बाटलीबद्दल माझा आग्रह आहे तो अरुंद तोंडाच्या आणि रंगीत काचेच्या बाटलीचा. औषधाची तपकिरी बाटली उत्तम. स्वच्छ काचेतून मुळं दिसतात आणि ती बघण्यात फार आनंद आहे हे खरं, पण त्याच काचेतून येणाऱ्या उजेडावर शेवाळ वाढतं आणि मुळांवर हिरवा थर चढतो. पारदर्शक बरणीच वापरायची असेल तर तिला कागद किंवा जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा आणि मुळं बघायची तेव्हा ती खाली सरकवा. लोणच्याची रुंद तोंडाची बरणी मात्र टाळलेली बरी. फांदी तिच्यात आडवी पडते, आणि दुसरं कारण पाण्याच्या संदर्भात पुढे येईलच.

आता पाणी. आपल्याकडे येणारं महापालिकेचं पाणी अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांचं. ते शुद्ध करणारं भांडुप संकुल आशियातल्या सर्वांत मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांपैकी एक, आणि ते नाहूरच्या अगदी शेजारी आहे. तिथे पाण्यात क्लोरीन मिसळला जातो. नळाला येईपर्यंत उरलेल्या क्लोरिनने मनी प्लांटचं काही बिघडत नाही, पण कोवळ्या मुळांच्या रोपांसाठी पाणी रात्रभर पसरट भांड्यात ठेवून सकाळी वापरलं तर चांगलं. त्या भांड्यावर जाळीचं किंवा पातळ फडक्याचं झाकण घाला. टँकरचं किंवा बोअरचं पाणी क्षारांचं असलं तर पानांची टोकं करपतात. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी तर त्याहून क्षारट असतं. ते फरशी पुसायला वापरा, कलमांना नको.

फांदी सडते ती पाण्याने नव्हे, पाण्यातला प्राणवायू संपल्याने. मुळं घडवणाऱ्या पेशींना श्वास घ्यायला लागतो आणि तो प्राणवायू पाण्यात विरघळलेला असावा लागतो. पाणी जितकं गरम तितका तो कमी मावतो: 20 अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साधारण साडेसात. शिवाय गरम पाण्यात जिवाणू भराभर वाढतात आणि उरलेला प्राणवायूही तेच खातात. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत दुपारभर तापलेल्या बाटलीतलं पाणी हाताला लावून पाहा, म्हणजे फांदी का काळी पडते ते कळेल. ताजं पाणी ओतलं की नवा प्राणवायू मिळतो, साचलेली घाण निघून जाते आणि देठाची बुळबुळ धुतली जाते. पातळी खाली गेली म्हणून वरून भर घालणं आणि पाणी बदलणं यांत फार फरक आहे. वरून भर घातल्याने जुनं पाणी जुनंच राहतं.

आता डासांविषयी, आणि हे मी मुद्दाम विस्ताराने लिहिते आहे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास नाल्यातल्या घाण पाण्यापेक्षा घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्याला पसंती देतो. पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं घरोघर तपासणीला येतात तेव्हा ज्या जागा ती आधी पाहतात, त्यांत मनी प्लांटच्या बाटल्या, शोभेचे 'लकी बांबू', कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजच्या मागचा ट्रे या येतात. अळ्या सापडल्या तर 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्याखाली नोटीस आणि दंडाची तरतूद आहे. दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की आपल्या हौसेच्या बाटलीतून निघालेला डास शेजारच्या पाळण्यातल्या बाळालाही चावतो.

मुंबईच्या उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. मनी प्लांटला नीट मुळं यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे पहिलं मूळ हाताला लागेल इतकं होण्याआधीच दुर्लक्षित बाटलीतून डासांची एक पिढी उडून गेलेली असू शकते. म्हणून सरकारी पत्रकांत ज्याला 'कोरडा दिवस' म्हणतात तो आपल्या बाटल्यांसाठीही आठवड्यातला एक ठरलेला दिवस असायलाच हवा. रविवार धरा किंवा गुरुवार, पण वार ठरलेला असू द्या, कारण 'बदलू उद्या' म्हटलं की आठवड्याचे पंधरा दिवस होतात.

त्या दिवशी काय करायचं ते नीट सांगते. बाटली उजेडाकडे धरून आधी आत बघा. पाण्याच्या पृष्ठभागापाशी बारीक केसासारख्या अळ्या डोकं खाली करून लोंबकळत असतात; बाटलीला टिचकी मारली किंवा सावली पडली की वळवळत तळाशी जातात. कोष झाला असेल तर तो स्वल्पविरामाच्या आकाराचा दिसतो. असं पाणी बेसिनमध्ये किंवा गटारात ओतू नका. कोरड्या मातीत किंवा तापलेल्या फरशीवर ओता, अळ्या मरतात. मग बाटली घासा, आणि हाच भाग सगळे टाळतात. एडीसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर काचेला ती चिकटवते, आणि ती अंडी महिनोन् महिने कोरडी राहूनही जिवंत असतात. नुसतं पाणी ओतून नवं भरलं की ती भिजतात आणि फुटतात. म्हणून बाटल्या धुण्याचा ब्रश घेऊन आतून, गळ्यापर्यंत घासायची. तोंड अरुंद असलेल्या बाटलीत देठाभोवतीची फट मच्छरदाणीच्या तुकड्याने किंवा अॅल्युमिनियमच्या कागदाने बंद करता येते. रुंद बरणीत ते जमत नाही, म्हणून मघाशी नको म्हटलं. दरम्यान काढून ठेवलेली फांदी नळाच्या हलक्या धारेखाली धरून बोटाने देठावरची बुळबुळ पुसा, मुळं चोळू नका. सगळं मिळून एका बाटलीला दोन-तीन मिनिटं लागतात. गावाला जायचं असेल तर बाटल्या भरून ठेवून जाऊ नका. फांद्या कुंडीत लावा किंवा शेजारी देऊन जा आणि बाटल्या धुऊन पालथ्या घाला.

हंगाम म्हणाल तर जून ते सप्टेंबर. हवा दमट, पाणी ना गार ना तापलेलं, आणि छाटणीही त्याच दिवसांत होते. ऑक्टोबरच्या उन्हात बाटल्या खिडकीतून दोन-तीन फूट आत घ्या. डिसेंबर-जानेवारीत राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडून गार वारा येतो तेव्हा मुळं यायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, ते मनात धरून चला. उजेड भरपूर हवा, पण दुपारचं थेट ऊन नको. समोर दुसऱ्या टॉवरची भिंत असेल तरी मनी प्लांट, सिंगोनियम भागवून घेतात. आणि काहीही झालं तरी बाटल्या ग्रिलच्या बाहेर किंवा मोकळ्या कठड्यावर नकोत. पावसाळ्यातला एक झोत पुरतो आणि खाली रस्त्यावर माणसं असतात.

मनी प्लांट जमला की सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन आणि कोलियस घ्या. कोलियस तर आठवड्याभरात मुळं दाखवतो. लहान मुलांना लावायला द्यायचं असेल तर तोच द्या, त्यांचा धीर सुटण्याआधी काहीतरी दिसतं. स्पायडर प्लांटच्या लोंबत्या दोऱ्यावर आयती पिलं लागतात. ती कापून फक्त बूड पाण्याला टेकवायचं, पानं वर. नागवेलीला मनी प्लांटसारखीच पेराला मुळं असतात आणि तीही पाण्यात धरते. तिची पानं खायची असल्याने पाण्याची स्वच्छता दुप्पट सांभाळावी.

स्वयंपाकघरासाठी पुदिना सगळ्यांत सोपा. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडून जुडी आणली की त्यातल्या जाड, ताठ, जांभळट देठाच्या चार काड्या वेगळ्या काढा. खालची पानं खुडून चटणीला घ्या, काड्या पाण्यात ठेवा. साधारण आठवड्यात पेरापेराला पांढरी मुळं येतात. गवती चहाची जुडी घेताना बुडाशी पांढरा फुगीर भाग शाबूत असलेल्या काड्या निवडा. वरून कापलेलं पातं कितीही दिवस पाण्यात ठेवलं तरी त्याला काही फुटत नाही. पानओवाही सहज लागतो, मात्र त्याचा देठ मांसल असल्याने पाणी दोन बोटांहून जास्त नको.

तुळशीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण फ्लॅटमधली तुळस टिकत नाही ही फार घरांतली खंत आहे. तुळशीला रोज चार-पाच तास ऊन लागतं. जिथे ते येत नाही तिथे कोणत्याही युक्तीने ती जगत नाही. ऊन असलेल्या घरातही सतत पाऊस लागला की तिची मुळं कुजतात. म्हणून आषाढ-श्रावणातच मंजिरी न आलेले, चार इंचांचे दोन-तीन कोवळे शेंडे खुडून पाण्यात ठेवा. एक-दोन आठवड्यांत मुळं येतात. मोठी तुळस पावसात गेलीच, तर कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नापर्यंत याच शेंड्यांची रोपं कुंडीत उभी असतात. कुंडीत मंजिऱ्या येतील तशा खुडत राहा, म्हणजे झाड बहरून लवकर संपत नाही.

स्नेक प्लांटचं पान पाण्यात लागतं, पण महिना-दोन महिने काहीच दिसत नाही आणि पुष्कळजण तोवर ते फेकून देतात. पानाचे तुकडे केलेत तर खालची बाजू कोणती ती पेनाने खूण करून ठेवा. उलटा तुकडा मुळं धरत नाही. तुकडे एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग फक्त खालचं टोक बुडवा. पिवळ्या काठाच्या जातीच्या पानापासून केलेलं रोप मात्र साधं हिरवं निघतं. पिवळा काठ हवा असेल तर मूळ झाडाच्या गड्ड्यापासून फुटवा वेगळा करावा लागतो.

कोरफड, निवडुंग आणि जाड पानांची तत्सम झाडं पाण्यात ठेवू नका. त्यांची जखम सुकवून कोरड्या मातीत लावायची असते. ब्रह्मकमळाचंही तसंच. पानफुटीला तर पाणीही नको, ओल्या मातीवर पान आडवं ठेवलं की कडेकडेला रोपं येतात. मोगरा, गुलाब, जास्वंद यांच्या फांद्या पाण्यात क्वचित धरतात, पण भरवसा नाही. पावसाळ्यात सरळ मातीत छाट कलम लावा.

मध्येच काही बिघडलं तर घाबरायचं कारण नाही. खालचं एखादं पान पिवळं पडणं स्वाभाविक आहे, ते काढून टाका. पाणी ढगाळ झालं आणि वास आला तर ठरलेल्या वाराची वाट न पाहता लगेच बदला. देठ खालून काळा आणि मऊ झाला असेल तर निरोगी हिरवा भाग लागेपर्यंत वर वर कापत जा, पुढच्या पेराखाली नवा काप घ्या आणि धुतलेल्या बाटलीत पुन्हा ठेवा. पानं ताजी आहेत, देठ टणक आहे, पण मुळं येत नाहीत, असं असेल तर फांदी मेलेली नाही. जागा बदला, उजेड वाढवा, वाट पाहा.

मुळं आली की पुढे काय, हा प्रश्न बहुतेकजण पुढे ढकलतात, आणि तिथेच रोपं जातात. पाण्यात वाढलेली मुळं मातीतल्या मुळांहून वेगळी असतात. ती ठिसूळ असतात, त्यांच्यात हवेच्या पोकळ्या जास्त असतात आणि मातीतून पाणी शोषणारे बारीक केस कमी. जितकी जास्त दिवस ती पाण्यात राहतील तितकं मातीशी जुळवून घेणं अवघड. म्हणून मुळं दोन-तीन इंचांची झाली आणि त्यांना बारीक उपमुळं फुटू लागली, की तीच वेळ. बाटलीभर गुंता होईपर्यंत थांबू नका.

नर्सरीतली लाल माती एकटी वापरली तर ओली असताना चिखल होते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. लाल माती, भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात मिसळा. छोट्या कुंडीने सुरुवात करा. तळाला भोक असलेला चहाचा कागदी पेलाही चालतो. मुळं पसरून ठेवा, माती हलक्या हाताने भरा, दाबू नका. पहिले आठ-दहा दिवस माती सतत ओलसर ठेवायची आणि रोप सावलीत. या मुळांना अजून कोरडेपणा ठाऊक नसतो, तेव्हा 'वरची माती वाळली की पाणी' हा नेहमीचा नियम इथे लागू नाही. पाणी हळूहळू कमी करत पंधरवड्यात नेहमीच्या पद्धतीवर या. नवं पान उलगडलं की रोप लागलं असं समजा. खाली ताटली ठेवलीत तर तिलाही तोच आठवड्याचा वार.

काही झाडं कायमची पाण्यात ठेवता येतात. मनी प्लांट वर्षानुवर्षं राहतो आणि ज्याला आपण लकी बांबू म्हणतो तोही. तो बांबू नाहीच, आफ्रिकेतला ड्रॅसिना आहे. नुसत्या पाण्यात ही झाडं जगतात, पण पानं लहान आणि फिकी होत जातात. 19:19:19 हे विद्राव्य खत एका लिटरला चिमूटभर, महिन्यातून एकदा पाणी बदलताना घाला. मुळं फुटण्याआधी मुळीच नको, आणि जास्त घातलं तर शेवाळ वाढण्यापलीकडे काही साधत नाही.

मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन ही सगळी अळूच्या कुळातली. अळूची वडी कच्ची राहिली की घसा का खवखवतो हे आपल्याला माहीत आहे. तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यांच्याही पानांत आणि देठांत असतात. कापल्यावर हात धुवा, डोळ्याला लावू नका, आणि रांगतं मूल किंवा मांजर असेल तर या बाटल्या उंचावर ठेवा. छाटलेल्या जास्तीच्या वेली डोंगराच्या बाजूला किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला टाकून येऊ नका. श्रीलंकेत आणि हवाईमध्ये हाच मनी प्लांट जंगलात शिरून झाडांवर चढून बसला आहे. घरच्या ओल्या कचऱ्याच्या खतात बारीक चिरून घाला.

झाडांच्या नव्या जाती आणि चांगली वाढलेली रोपं बघायची असतील तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे 1862 साली खुल्या झालेल्या आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महापालिका जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत प्रदर्शन भरवते. वेळ काढून जाऊन यावं. एखादी फांदी कशी वळवली आहे, कोणत्या झाडाला किती उजेड आहे, हे पाहून जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही.

आणि त्याच्या थोडं आधी संक्रांत येते. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा घरी केलेली रोपं वाटावीत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी हिशेब उलटा धरावा लागतो. थंडीत मुळं उशिरा येतात, तेव्हा फांद्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कापा, डिसेंबरच्या मध्यापर्यंत मातीत लावा, म्हणजे 14 जानेवारीपर्यंत एखादं नवं पान आलेलं असतं आणि रथसप्तमीपर्यंत कोणालाही हातात द्यावं असं रोप होतं. वाण बाटलीत देऊ नका, मातीत लावलेलं द्या, नाहीतर रोपाबरोबर साचलेलं पाणीही घरोघर जाईल. सोबत झाडाचं नाव आणि पाणी किती घालायचं याची दोन ओळींची चिठ्ठी ठेवा. ज्या घरात तान्हं मूल किंवा मांजर आहे, तिथे मनी प्लांटऐवजी स्पायडर प्लांट द्या.